प नसलेल्या लिपीत

शारजात ज्या चौकाला रोला म्हणतात
तिथे रोला नाही.
मोठा वड होता म्हणे, बाबा यायच्या आधीच पडला.
तरी टॅक्सीवाल्याला नाव सांगितलं की
तो बरोबर तिथेच सोडतो.
मला वाटलं, हे शहर निदान
नसलेल्याचा पत्ता जपून ठेवतं.

दिलावर हुसेनमियां परकार.
राहणार कर्ला, जिल्हा रत्नागिरी. क्रेनवर होते.
चौऱ्याऐंशी साली रमजानच्या आधी
कुणाच्या तरी बॅगेतून एक कॅसेट आली,
टँगचा डबा, नेलकटर,
आणि मग काहीच आलं नाही.
मी तेव्हा पोटात होते.

आईने इद्दत धरली नाही.
मय्यत नाही तर इद्दत कसली, मौलवी म्हणाले,
आणि बरोबरच म्हणाले.
काचेच्या बांगड्या घालायच्या की नाही
या एका प्रश्नात ती चाळीस वर्षं राहिली.
ईदेला घालायची. बासी ईदेला
काढून पुन्हा पेटीत.
गेल्या मे महिन्यात ती गेली.

कचेरीच्या खिडकीमागे मिसरूड नुकतं फुटलेला पोरगा.
परकार लिहिता लिहिता थांबला.
आमच्यात हे अक्षर नाही, म्हणाला. ब लिहितात.
बरकार.
मी तिथेच उभ्या उभ्या दोन्ही म्हणून पाहिलं.
ओठ तसेच मिटतात,
घशात थोडी थरथर जास्त, एवढंच.
एवढ्याशा फरकात
एक अख्खा माणूस मावतो.

बरकार तीन निघाले.
एक अजमानला हज्जाम, जिवंत. फोनवर हसला,
मैं तो सिंध का हूँ, बाजी.
एक दोन हजार एकमध्ये वारला, वय एकवीस.
तिसऱ्यापुढे आत आल्याची तारीख.
बाहेर गेल्याच्या रकान्यात एक टिंब.
शाईचं की माशीचं,
पोराला सांगता येईना.

कॅसेटमध्ये बाबा विचारतात,
विहिरीचा कठडा बांधला काय.
पऱ्यात खेकडे मिळतात काय अजून.
मुलगा झाला तर नाव मी पाठवीन.
(मुलगी झाली तर, ते बोलत नाहीत. टेप तिथे खरखरते.)
आणि मागे सारखं ठक् ठक्, थांबून
ठक्.
लहानपणी मला वाटायचं ते घड्याळ आहे.

खाडीवर लाकडी बोटींपाशी मुरादबख्श भेटला,
बलुची, एका डोळ्यात मोतीबिंदू.
माझा मोबाइल कानाला लावून बसला.
बोलणं राहू दे, म्हणाला, मागचं ऐकव.
तीनदा ऐकलं.
फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतायत. कलफात.
कालापाती, मी म्हटलं,
आमच्या बंदरात कालापाती म्हणतात.
त्याने मला चहा मागवला.

हा ठोका सालमीनचा. डावखुरा होता.
दोन जवळजवळ, मग एक उशिरा.
पंच्याऐंशीत बोट घेऊन दक्षिणेला गेला,
सोबत पाच-सहा जण.
क्रेनवाला होता?
असेल. म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला, नसेलही.
बोटीचं नाव?
पांढरी होती.

चाळीस वर्षं आम्ही आवाज ऐकत होतो, बाबा.
मागे तुम्ही कुठे उभे आहात
हे ऐकलंच नाही.

आज बंदराच्या जुन्या वह्यांसाठी अर्ज दिला.
वडिलांचं नाव ब ने लिहिलं.
सही माहेरची केली, प ने.
पोरगा दोन्हींकडे बघत म्हणाला,
नावं जुळत नाहीत.
मी म्हटलं, हो.