उभ्यानं घेतलेली मापं

नमुन्यांची जाड वही मी तिच्या मांडीवर ठेवली.
मिसेस ॲपलगार्थनं आधी मोहरी चाचपला,
मग करडा, मग एक हिरवा
ज्याचं नाव कंपनीनं ठेवलंय 'शेवाळ'.
म्हणाली, याला धक्क्यावरचा वास येईल.

हल शहरातली ही अख्खी गल्ली अशीच,
एकेक घर रस्त्याकडे पोट काढून उभं.
तेहेतीस वर्षं मी ही पोटं मोजतोय.
मधली काच रुंद, बाजूच्या दोन तिरक्या,
आणि त्या दोघी कधी सारख्या नसतात.
इथं डावी उजवीहून दोन सेंटिमीटर उणी.
घर एका कुशीवर कललंय थोडं.
मी लिहून घेतो. घरमालकांना सांगत नाही.

नेहमीचं सांगितलं:
सरळ दांडी स्वस्त पडेल,
पण पडदा ओढला की हा कोनाडा पलीकडे जाईल,
त्यात जे असेल ते रात्रभर रस्त्याचं.
वाकवलेली पट्टी महाग.
तीन सुट्या ब्लाइंड दिसतात छान,
सांध्यांतून मात्र दिव्याचा खांब डोकावतो.
आणि जाळीचे पडदे आता कुणी लावत नाही
(हे हळू म्हणालो. तिचे जाळीचेच होते,
धुऊन धुऊन चहाच्या रंगाचे).

"कोनाड्यात पलंग येतोय," ती म्हणाली,
"हॉस्पिटलचा. गुरुवारी.
क्लिफर्डला आता जिना नाही."
जिना नाही,
जसं डॉक्टर म्हणतात मीठ नाही.

मी वही मिटली.
बूट काढले, विचारलं, चालेल ना,
आणि खिडकीच्या पोटात सतरंजीवर आडवा झालो.
तेहेतीस वर्षं सगळी मापं उभ्यानं घेतली होती.
खालून गल्ली नाहीशीच होते.
राहतात तारा, समोरचं धुराडं,
त्यावर सीगलचं पांढरं पोट,
आणि डाव्या चौकटीला एक चीर, उभ्यानं न दिसलेली.

वरून खोकला आला, मग आवाज:
"कोण आलंय?"
"पडदेवाला!"
"त्याला सांग, हवा काय म्हणते ते मला दिसलं पाहिजे.
त्या समोरच्या लिनेटला मी दिसता कामा नये."

सगळ्यांना हेच हवं असतं.
इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी तिला ती दुसरी ब्लाइंड दाखवली,
वरून खाली उतरणारी:
खालचा अर्धा झाकलेला, वरचा आभाळाला मोकळा.
दोरी डावीकडे, हात पोहोचेल तिथं.
कुठला हात चालतो, विचारलं.
"डावा. शिव्या द्यायला जीभही."
"आणि रंग?"
ती वहीवरून बोट फिरवत राहिली.
"शेवाळच टाका.
त्या वासात त्याला झोप लागते."

माल यायला तीन आठवडे. गुरुवार परवा.
कॅलेंडर दोघांनी पाहिलं, बोललं कुणीच नाही.
मग तिनं कात्री आणली.
तिचीच जाळी काढून आम्ही मधोमध कापली,
सुतळीवर ओवली, खालच्या अर्ध्यावर ताणून बांधली,
डावीकडे दोन सेंटिमीटर आत दुमडून.

वाकडी दिसते का, तिनं विचारलं.
मी परत आडवा झालो,
बघून सांगायला.