दोन बारांच्या मधे

टोर्निओत बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.
नदीपलीकडे हापारांडात अजून अकरा वीस,
अजून जुनंच वर्ष.
आमच्याकडे ते दोनदा उलटतं,
लोक पुलावरून चालत जाऊन पुन्हा ग्लास भरतात.
मी तळघरात, सर्व्हरपाशी,
कोटसुद्धा न काढता.

फोन आला. उल्पु.
सुईण. सणासुदीला पलीकडच्या दवाखान्यात पाळी करते,
नोंद मात्र आमच्या दप्तरी.
"मला आत घेत नाहीये," म्हणाली.
नऊ वर्षांत माझ्याशी बोललेलं
हे तिचं पहिलं वाक्य.
एकेकाळची नणंद माझी.

बाळंतीण चौदाव्या तासात,
तिचे कागद पडद्याआड,
दुसरी नर्स बर्फात अडकलेली.

उल्पु तिथे नाव टाइप करते.
तिथलं यंत्र तिला ओळखत नाही, त्यानं ओळखावं तरी का;
ते नदीपलीकडे विचारतं, ही तुमची का?
पासवर्ड पूल ओलांडत नाही.
ओलांडते आमची हमी, मोहोर लावलेली चिठ्ठी,
तेवढ्यावर दार उघडतं.
कागदोपत्री याला विश्वास म्हणतात.
तो एकतर्फी आहे: ते आमच्यावर ठेवतात,
आम्ही त्यांच्यावर ठेवत नाही.
करारच तसा. मसुदा माझा.

मधे फायरवॉल.
भिंतीला कान असतात म्हणे;
हिला पासष्ट हजार दारं,
आणि मी ती एकेक करून लावून घेतलेली.
पत्ता विचारायचं त्रेपन्न नंबरचं उघडं होतं.
चिठ्ठ्यांचं अठ्ठ्याऐंशी
डिसेंबरच्या साफसफाईत बंद झालं होतं,
खाली सही माझीच.
उघडलं.
"आता बघ."
"नाही."

नियम असा, की कुणाच्या खात्याला हात लावण्याआधी
फोनवरचं माणूस तेच आहे याची खात्री करायची.
तिचा आवाज मी वीस वर्षं
सौनाच्या वाफेत ऐकलाय.
तरी विचारलं, पहिल्या कुत्र्याचं नाव?
तिकडे कुणीतरी कण्हत होतं.
"तू विचारतेस? मला?"
आणि मग, "तिस्को.
तुझ्याच सोफ्यावर मेला तो."
पडद्यावर तिस्को.
बरोबर, म्हणाले मी.
दुसरं काय म्हणणार.

खात्यात काही बिघाड नव्हता.
चिठ्ठी निघत होती, पोचत होती,
आणि पलीकडून परत येत होती, शेरा मारून:
हिची वेळ अजून झालेली नाही.
पाच मिनिटांचा फरक चालवून घेतात.
हा तासाचा होता.

स्टिग लांतोला उठवलं.
दुपारी त्यानं तिथल्या यंत्राचा सेल बदलला होता,
भिंतीवरच्या घड्याळात पाहून वेळ लावली होती
स्वीडनची,
आणि देश ठेवला होता फिनलंड.
तिथली माणसं आत जात होती खुशाल,
सगळी मिळून एक तास मागे होती ना.
नडली ती बाहेरून आलेली एकटीच,
जिनं स्टिगच्या दोन्ही मुली
स्वतःच्या हातांनी जगात आणल्या.
तिची चिठ्ठी त्या यंत्राच्या लेखी
अजून जन्मायचीच होती.

स्टिगनं झोपेतच शिव्या दिल्या, यंत्राला की मला,
आणि काटा पुढे सरकवला.

ती आत गेली ते मला नोंदीतून कळलं:
उल्पु, अकरा एक्केचाळीस, स्वीकृत.
फोन तिनं आधीच ठेवला होता.

मग दुसरे बारा वाजले.
पलीकडचे फटाके तळघरात
दाराआड कुणी खोकल्यासारखे ऐकू आले.
नव्या नियमापुढे एक रकाना असतो,
दार का उघडलं ते लिहायचा.
उल्पुसाठी, असं लिहिलं.
खोडलं.
रुग्णसेवा, तातडीचं, लिहिलं,
आणि मुदतीच्या चौकटीत
तारीख घालायची राहू दिली.