नाक मुरडलेला

जन्मतःच नाक वर वळलेलं त्याचं,
वाळू उकरायला, म्हणे.
मला वाटतं, माझ्यासाठीच.

विनिपेग. जानेवारी. उणे एकतीस.
फ्रीझरमध्ये बटाट्याच्या पिरोह्यांना खेटून
एका पिशवीत उंदराची बारा पिल्लं,
गुलाबी, डोळे न उघडलेली, शेंगेएवढी.
माझा भाऊ ओरेस्ट तेव्हापासून माझ्याकडे जेवत नाही.
तोही नाही, आणि हाही नाही.

हिवाळी टायरांचे पैसे होते ते,
सप्टेंबरात मी त्यांचा साप घेऊन आले.
कारण विचारू नका.
नाव ठेवलं हेटमन, म्हणजे सरदार.
सरदारांचं वजन अकरा ग्रॅम.

नोव्हेंबरात त्यानं तोंड मिटलं.
पहिले वीस दिवस मी शहाण्यासारखी वागले.
कोमट पाण्यात पिल्लू सोडायचं, टिपायचं,
चिमट्यात धरून त्याच्यापुढे जरासं हलवायचं,
जिवंत असल्यासारखं.
त्यानं मान चपटी केली, नागाचा आव आणला,
फुसफुसला (एवढ्याशा देहात एवढी हवा!)
आणि मग उताणा पडला.
तोंड उघडं, जीभ बाहेर.
मेला.

मी त्याला सुलटा केला.
तो लगेच पुन्हा उताणा.
मेलेल्यानं कूस बदलायची नसते,
एवढंही शिकवलं नाही कुणी त्याला.

यीस्ट मोजायचा काटा: साडेदहा. मग दहा.
वहीत तारीख, वजन, आणि पुढे ‘नाही’.
ट्यूनाच्या डब्यातलं पाणी लावून: नाही.
अंड्याचा बलक लावून: नाही, आणि टॉवेल खराब.
अंधारात. उजेडात. गादी तापवून.
नाही नाही नाही.
वरच्या मजल्यावरच्या रोडेलनं
आपल्या पालीची टाकलेली कात आणून दिली,
पाकिटात, केशर द्यावं तशी.
‘वासानं फसेल,’ म्हणाला.
ती ठेवून दिली. उगाच. शेवटचा उपाय
वापरून टाकला की मग काय उरतं?

एके रात्री तर मी आ करून दाखवला.
सेहेचाळीस वर्षांची बाई,
काचेपुढे गुडघ्यांवर,
आ.

गिमलीच्या थोरलाकसनबाईंना फोन केला,
त्यांच्याकडूनच घेतलेला.
त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
मागे कुत्रं भुंकत होतं.
मग म्हणाल्या, ‘तुम्ही समोर बसता का हो?’
बसते.
‘माझे वडील तळ्यावर बर्फाला भोक पाडायचे
आणि पाठ करून बसायचे.
माशाला माणसाचं तोंड आवडत नाही, म्हणायचे.’

म्हणून काल कात भिजवून पिल्लाला चोळली,
दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली,
आत ते, आत हा, वर झाकण,
आणि डबा कपाटात, स्वेटरांमागे.
मग कामावर.

मी रात्री बर्फ नांगरते.
पोर्टेज अव्हेन्यूवर पहाटे तीनला
माझ्या पिवळ्या दिव्याशिवाय काही हलत नव्हतं.
कारबेरीच्या वाळूच्या टेकड्या आठवल्या.
गोठणाऱ्या मातीच्याही खाली
याची जातकुळी आत्ता वेटोळी करून पडली असेल.
त्यांनीही नोव्हेंबरात तोंड मिटलं असेल.
त्यांच्यापुढे कुणी चिमटा नाचवत नाही.
कुणी वही ठेवत नाही.
बरं वाटलं. मग वाटलं,
त्यांच्यातले किती एप्रिलला वर येत असतील?
पातं फुटपाथच्या कडेला लागलं,
खडखडाट झाला, आणि मी पुढे बघितलं.

सकाळी सात. बूटही न काढता कपाटाशी.
स्वेटर बाजूला केले. झाकण, एका बोटानं.

हेटमनच्या तोंडातून
एक बारीक गुलाबी शेपूट बाहेर होती.
जबडा डावीकडून पुढे सरकला,
थांबला,
मग उजवीकडून.
डोळे माझ्यावर.
मेल्याचं सोंग करायला
या खेपेला तोंड मोकळं नव्हतं.

मी झाकण हातात धरून तशीच उभी,
श्वाससुद्धा नाकानं, आणि तोही थोडा.
बुटांवरचं बर्फ वितळून
पाणी गालिच्यावर पसरत होतं.
फोन वाजला, ओरेस्ट असणार.
वाजू दिला.
अजून अर्धी शेपूट बाकी होती.