सातवीचा पेपर

शाळा उणे पंचेचाळीसला बंद होते.
आज बेचाळीस.
तीन अंशांनी हुकली पोरांची सुट्टी,
आणि माझीही.

प्रश्न पहिला: पदार्थाच्या तीन अवस्था कोणत्या?
प्रत्येकीत कण कसे वागतात ते
घरातलं उदाहरण देऊन लिहा.

बहुतेकांनी लिहिलंय बर्फ, पाणी, वाफ.
लिहिणारच. आमच्या गावाला नळ नाही.
नोव्हेंबरात तळं कापून घरी आणतो आम्ही,
करवतीने, निळसर चौकोनी लाद्या,
कुंपणाशी रचतो, लागेल तशी एकेक आत घेतो,
पिंपात वितळवतो, चहा टाकतो.
मार्च संपेतो प्रत्येक पोर
थोडं थोडं तळं प्यायलेलं असतं.

सार्गिलाना लिहिते: स्थायूतले कण
जागा सोडत नाहीत, पण थरथरतात,
शाळेच्या बसची वाट बघताना आम्ही थरथरतो तसे.
दोन गुण.

केस्किल लिहितो: द्रवातले कण हात सोडत नाहीत,
नुसते शेजारी बदलतात,
जूनच्या सणाला कुमिसच्या पिंपाभोवती
मोठी माणसं घोटाळतात, तसे.
दोन गुण. (ह्याने स्वतः किती प्यायलं,
ते एकदा विचारायला हवं.)

वायूच्या उदाहरणात कुणीतरी
मोठ्या बहिणीचं नाव घातलंय:
याकुत्स्कला गेली, पूर्ण शहरभर असते,
फोन लागत नाही.
हसू आलं. गुण दिला.

मग एर्चिमेनचा पेपर.
अक्षर बारीक, ओळी चढणीला लागलेल्या.

*आई कपडे बाहेर वाळत घालते.
घटकाभरात सदरा फळीसारखा होतो,
टिचकी मारली तर वाजतो.
बाह्या पसरून उभा राहतो.
त्यातला बर्फ वितळत नाही,
मी खाली बघितलंय, एकही थेंब नसतो.
तरी चार-पाच दिवसांनी सदरा वाळतो.
मला वाटतं, कडेचे कण आधी सुटत असतील,
कुणाचं लक्ष नसताना, एकेक.
पाणी न होताच जातात.
सदरा बाबांचा आहे. कुणी घालत नाही,
पण आई दर महिन्याला धुते.*

एवढंच. पुढचे प्रश्न कोरे.

गेल्या एप्रिलात नदीवरची वाट
दोन दिवसांत बंद करणार होते.
ट्रकमध्ये पीठ होतं, औषधं होती, आणि तो.
तपासणीला आलेले म्हणाले,
बर्फ तेव्हाही बर्फच होता, जाडी मोजली तर पुरेशी,
फक्त आतून जरा जास्त हलत होता.
माझ्याच विषयातलं वाक्य.
मी मान डोलावली होती.

मात्र्योना तेव्हा रडली नाही.
नंतरही कुणी पाहिलं नाही.
दुकानात भेटते, पाव घेते, सुटे पैसे मोजून देते,
कोटाचा पट्टा
दर खेपेला एक भोक आत गेलेला.

उत्तरपत्रिकेत तीन अवस्था हव्यात.
ह्याने एकच वाट लिहिली,
तिला संप्लवन म्हणतात, ते सातवीला नाही.
लाल पेन बराच वेळ हातात धरलं.
मग गठ्ठा बांधला, त्याचा पेपर वर तसाच ठेवून.

घरी जाताना श्वास कानाशी
बारीक चुरचुरत गोठत होता.
त्यांच्या कुंपणापाशी थांबले.
काळोखात सदरा, हात पसरून.
मोजा काढून बाही चाचपली.
मऊ होती.

हाक मारली:
मात्र्योना, सदरा वाळलाय, आत घे.

दार उघडलं. आतली ऊब
पांढरा लोट होऊन उंबऱ्यावरून लोळत आली,
पायऱ्या, बर्फाच्या लाद्या, माझे बूट,
सगळं झाकत.
त्या लोटात ती कुठेशी उभी होती.
दिसेपर्यंत मी थांबले.