शेरा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
नमुन्यांना नावं नसतात.
चारशे सतरा: तपकिरी भुकटी, वास निर्गुंडीचा,
लेबलवर 'शंभर टक्के वनस्पती. सांधे मोकळे.'

निर्गुंडी होती. खोटं कशाला बोला.
आलेखात तिची टेकडी एवढीशी,
मागच्या बाकावरून अर्धवट हात वर केल्यासारखी.
आणि सातव्या मिनिटाला
सरळसोट सुळका:
डेक्सामेथासोन.
मी कॉलम धुतला, नमुना पुन्हा सोडला.
सुळका तिथेच.

'अप्रमाणित', मी टाइप केलं. सही. तारीख.

घणसोलीत आमच्या जिन्यात हसुराम मढवी
गेल्या शिमग्यापर्यंत पायरीपायरीवर बसायचे.
हल्ली खाडीवर जाऊन निवट्या घेऊन येतात.
चेहरा गोल झालाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली.
"पोरी, पाय आता आयकतान माजं,"
म्हणत त्यांनीच दाखवला होता डबा.
तोच हिरवा. झाकणावर तोच गरुड.

आज ते वर चढतायत, मी खाली उतरतेय.
काय सांगू? की खोटं आहे?
पाय तर खरेच चालतायत.
की बंद करा? एकदम बंद केलं
तर शरीर कोसळतं, हेही मलाच ठाऊक.

अहवालात शेऱ्याला दीड ओळ जागा असते.
जिन्यात तेवढीही नाही.
"काका," मी म्हणते, "उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चला.
डबा घेऊन."

ते हसतात.
पिशवीत निवट्या अजून वळवळतायत.