बारा किलोची ऑर्डर

सकाळी भूमहून फोन आला, बारा किलो पेढे पायजेत,
दिवस बुडायच्या आत, चौकात वाटायचेत.
कशाचे, ते मी विचारलं नाही.
टीव्हीवर रात्रीपासून तोच फोटो होता,
डोळे अर्धे उघडे, बाजूला गवतात एक चप्पल.

खोटं कशाला बोलू, मी हसलो.
एकटाच, भट्टीपुढं, इतक्या मोठ्यानं
की दावणीची कालवड बुजली.
तीन वर्षं सात महिने त्या हसण्याची वाट बघितली होती,
आलं तेव्हा खोकल्यासारखं आलं
आणि थांबलं.

मग कढई चढवली.

पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो,
म्हैस चांगली असली तर जरा जास्त.
बाकीची वाफ. ती पत्र्याला लागते, पत्रा गंजतो.
उलथणं सारखं फिरवत राहायचं, थांबलं की तळाला लागतं.
लिंबराजचा हात कधी थांबायचा नाही.

त्या दिवशी खव्याची पाटी घेऊन तालुक्याच्या स्टँडवर
मी जाणार होतो.
पाय मुरगळला होता. म्हणलं, तूच जा रे, सहाच्या गाडीनं.
बाकड्याखाली डबा होता, स्टीलचा, तीन पुडांचा,
आपल्या घरी असतो तसाच.
ठेवणाऱ्यानं लिंबराजला बघितलंही नसंल.
का बघितलं असंल, जरा सरकून पाटीला जागा दिली असंल?
हे एक अजून सुटत नाही.

दुपारी माणसं येत गेली.
बनसोडे गुरुजी म्हणाले, मेलेल्यावर हसू नये, कुणी का असंना.
गुरुजींचं कुणी स्टँडवर नव्हतं.
गफूरभाईची पोरगी त्याच बाकड्यावर बसली होती.
तो उंबऱ्यातूनच म्हणला, एकदाच मेला?
आन् निघून गेला.
थोरल्या अण्णांनी रझाकारीतली गोष्ट काढली.
टोळीचा म्होरक्या पडला तेव्हा गावात गूळ वाटला होता.
त्यांच्या बापानं खडा घेतला, नको म्हणला नाही,
पण तोंडात टाकंना. धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.
रात्री मुंग्या लागल्या.
मग? मी विचारलं.
मग काय, झटकल्या. खाल्ला.

साखर बघायला चिमूटभर जिभेवर ठेवावं लागतं.
तीस वर्षं ठेवतोय. आज ठेवता येईना.
आनंद नव्हता असं नाही, दुःख तर मुळीच नव्हतं,
पण औषधापुढं पोराचं राहतं तसं
तोंड मिटूनच राहिलं.
अंदाजानं साखर टाकली.

मंकर्णा आली. लिंबराजची.
परातीकडं बघत म्हणली, दर काय लावला?
नेहमीचाच.
लावायचाच, म्हणली,
आन् पदर खोचून वळायला बसली.

तिला सही येत नाही. भरपाईच्या कागदासाठी
तहसीलातल्या कारकुनानं तिचा अंगठा धरून
शाईत बुडवला होता.
घरी येऊन तिनं तो राखेनं घासला होता,
कातडं लाल होईस्तोवर.
तोच अंगठा आता एकेका पेढ्यावर दाबत होती,
मधोमध, तोंडातून शब्द न काढता.
बाराही किलो.

रात्री तिकडं फटाके झाले म्हणे.
गोड कमी झालं असं कुणी म्हणलं नाही, जास्त झालं असंही नाही.
खोकी परत आली, पैसे रोख आले.
एका खोक्यात, कागदाला चिकटून, एक पेढा राहिला होता.
लाईट गेली होती.
मोबाईलच्या उजेडात धरून बघितला.

रेघा सगळ्या उठल्या होत्या.