बहिरं होण्याची वेळ

डंडी, रविवार. ताय नदीवरून धुकं चढत आलंय
थेट तिसऱ्या मजल्याच्या काचेपर्यंत, आणि मी
दुपारी चारला उपाशी ठेवलेल्या अमीबांपाशी बसलेय.
उपाशी म्हणजे काय, त्यांच्या पानातले जिवाणू
तीनदा धुऊन काढले, एवढंच.
मनाला लावून घ्यायचं नाही,
हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

खायला होतं तोवर ज्याचा तो होता.
आता रात्रीचे दहा, आणि कुणीतरी एक
(तोच का, ते मला अजून धड सांगता येत नाही)
चिमूटभर रेणू बाहेर सोडतो.
हाक म्हणावी इतकंही नाही. उसासा म्हणा.

शेजाऱ्याच्या अंगावर त्याच मापाच्या खाचा.
रेणू येऊन बसतो, आत एक प्रथिन कूस बदलतं,
ते दुसऱ्याला ढोसतं, दुसरं तिसऱ्याला.
निरोप उंबऱ्याबाहेरच राहतो,
घरात शिरतो तो नुसता धक्का.
मग हा हाकेच्या दिशेला पाय टाकतो
(पाय नाहीत त्याला, अंगाचाच करतो)
आणि पदरचे रेणू खर्चून तीच हाक पुढे देतो.

आणि बहिरा होतो.
काही मिनिटं, ठार.
हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.
नाहीतर आपलीच हाक फिरून आपल्याच कानी आली असती,
पुढे कोण, मागे कोण, कळलंच नसतं.
म्हणून तर दर सहा मिनिटांनी लाट बाहेर जाते
आणि माणसं आत येतात.
माणसं म्हटलं मी. असू दे.

आमची काचभांडी धुणारी इशबेल
लॉकीतल्या गिरणीकामगाराची मुलगी. आई ज्यूटच्या मागावर.
माझ्या ओळखीचं ज्यूट म्हणजे बार्शीच्या अडतीवरची तुरीची पोती,
आणि उपरण्याखाली बोटं दाबून ठरणारा भाव:
आजोबांचा चेहरा कोरा, हात बोलतोय.
इशबेल म्हणाली, तसंच की.
मागांच्या खडखडाटात तिशीतच कान गेलेले,
बायका ओठांनी बोलायच्या, बिनआवाजी,
आणि मुकादम निघाला की डोक्यावर एक थाप:
तो रांगेच्या टोकाला पोचायच्या आत
थाप पोचलेली असायची.

आई घरीही तशीच बोलायची म्हणे.
जेवताना ओठ हलायचे, मुलं वाचायची.
शेवटच्या रात्री इस्पितळात ते पुन्हा हलले.
नर्सला वाटलं, श्वास.
इशबेलला दिसलं: खिडकी लाव, तंतू उडतायत.
खिडकी बंदच होती.
तरी ती उठली, गेली,
कडी काढून परत लावली.

सोमवारी, चार वाजता.
बशीभर बारीक देठ उभे राहिलेत, प्रत्येकाच्या शेंड्यावर एक थेंब.
थेंबात बीजाणू, जातील कुठेतरी.
पाचातला एक देठात गेला,
ताठ व्हायचं म्हणून मेला.
हाक सगळ्यांना एकच होती, मी मोजलीय.
कोण वर, कोण खाली, हे कधी ठरलं
ते माझ्या वहीत नाही.

बशा ट्रेमध्ये भरून खाली नेल्या.
ऑटोक्लेव्हची वाफ सुटलेली, कानठळ्या बसवणारी,
आणि पलीकडून इशबेलचे ओठ हलले.
दोन शब्द. कदाचित तीन.
कळलं काहीच नाही मला.
ट्रे ठेवला आणि तिच्याकडे चालू लागले.